पडून राहिलेला जुना हायड्रो ट्रॅक्टर पुन्हा हलवायचा असेल तर

अमेरिकेत शहरापासून जरा लांब, एक-दोन एकरांचं घर घेतलं की पहिल्या मे महिन्यातच गवत अंगावर येतं. नव्या गार्डन ट्रॅक्टरच्या किमती पाहून माणूस जुन्याकडे वळतो, आणि कुणाच्या तरी कोठारामागे ताडपत्रीखाली इंटरनॅशनल हार्वेस्टरचा पिवळा-पांढरा कब कॅडेट सापडतो. मालक सांगतो, इंजिन चालतं पण गाडी हलत नाही, हायड्रो गेलाय, भंगाराच्या भावात न्या.

हा लेख अशा ट्रॅक्टरसाठी आहे. हायड्रो म्हणजे गिअर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबाने ट्रॅक्टर पुढे-मागे चालवणारी यंत्रणा. माझ्या पाहण्यात ‘गेलाय’ म्हणून विकला जाणारा हायड्रो बहुतेक वेळा उपाशी असतो. त्याच्यापर्यंत तेल पोचत नाही, किंवा पोचतं ते पाणी मिसळलेलं. कधी एखादी झडप चिकटलेली असते, कधी लिव्हर हलतो पण त्याची हालचाल पंपापर्यंत जात नाही. म्हणून बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे जायचं. पंप खोलायचा तो सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमका तिथूनच सुरुवात करतात, आणि मग एका डब्यात सुटे भाग नि दुसऱ्या डब्यात उत्साह, असा तो ट्रॅक्टर पुन्हा विकायला निघतो.

उदाहरण कब कॅडेटचं घेतो कारण मला तो माहीत आहे आणि त्याचे भाग अजून मिळतात. व्हील हॉर्स किंवा जुना जॉन डिअर असेल तरी क्रम हाच. तेल, फिल्टर आणि आकडे मात्र त्या-त्या यंत्राचेच घ्यायचे.

हा चालतो कसा

गावाकडे ट्रॅक्टर चालवलेला माणूस यावर बसला की आधी क्लच शोधतो. क्लच नाही. पायाखाली आहे तो ब्रेक, आणि तो पूर्ण दाबला की वेगाचा लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो, निदान यायला हवा.

इंजिनपासून एक दांडा थेट मागे येऊन पंप फिरवतो. पंपात दट्ट्यांचं एक चक्र असतं आणि त्यांच्यासमोर कलती होणारी चकती. चकती सरळ असेल तर दट्टे नुसतेच गोल फिरतात, तेल ढकललं जात नाही, हे न्यूट्रल. लिव्हरने चकती एका बाजूला कलवली की तेल मोटरकडे, म्हणजे तेलाच्या दाबाने फिरून चाकं फिरवणाऱ्या भागाकडे, जातं आणि ट्रॅक्टर पुढे निघतो, दुसऱ्या बाजूला कलवली की मागे. जेवढा कल तेवढा वेग. हे तेल पंप आणि मोटर यांच्यातच फिरत राहतं, पण प्रत्येक फेरीत थोडं निसटतं. ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो. तो मागच्या केसमधलं, म्हणजे गिअर ज्यात असतात त्या ओतीव पेटीतलं, तेल फिल्टरमधून ओढतो आणि दोन झडपांवाटे फेऱ्यात सोडतो. चार्ज पंप, फिल्टर, दोन झडपा एवढी साखळी डोक्यात ठेवा, पुढचे निम्मे दोष तिथलेच आहेत.

जमवायचं सामान

कागद आधी. त्या मॉडेलचं मालकासाठीचं पुस्तक, सुट्या भागांची चित्रपुस्तिका आणि कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. जुन्या कब कॅडेटची ही पुस्तकं स्कॅन केलेली मिळतात. भागांच्या पुस्तिकेला कमी लेखू नका. कुठली वॉशर कुठे बसते हे तिच्यातच कळतं.

हत्यारं साधी आहेत:

- इंची पान्यांचा संच. मेट्रिक पाने इथे नटाचे कोपरे खातात
- जॅक आणि दोन भक्कम घोडे, चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- बारीक पंच, हातोडी, सर्क्लिपची पक्कड
- गॅस्केट खरवडायची पट्टी, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचे डबे
- तेल झेलायला निदान दोन गॅलनचं पसरट भांडं
- लव किंवा धागे न सुटणारी फडकी
- पुढे गरज पडली तर ० ते ३०० पीएसआयचा प्रेशर गेज

१. मॉडेल ओळखा

कब कॅडेट १९६१ साली बाजारात आला आणि हायड्रो असलेलं त्याचं पहिलं मॉडेल, १२३, त्याच दशकाच्या मध्याला. दिसायला सारखेच दोन ट्रॅक्टर आतून वेगळे असतात: १२८ गिअरचा, १२९ हायड्रोचा, १२०० गिअरचा, १२५० हायड्रोचा. बॉनेटवरच्या आकड्यावर विसंबू नका, पन्नास वर्षांत बॉनेटं बदललेली असतात. केसवरचा सीरियल नंबर वाचा आणि भाग त्यावरूनच मागवा. १९८१ मध्ये हा धंदा एमटीडी या कंपनीकडे गेला, तेव्हा भागांचे क्रमांकही पुढे बदललेले दिसतील. दुकानदाराला जुना क्रमांक सांगितला तरी तो नवा शोधून देतो.

२. दोरी बांधून ओढू नका

पहिली चूक ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवतानाच होते. हायड्रो बंद असताना चाकं फिरवली तर मोटर पंपासारखी काम करते आणि कोरड्या भागांवर भार येतो. ढकलायचा असेल तर सीटखालच्या बोगद्याच्या (इंजिनकडून येणारा दांडा ज्यातून जातो त्या पोकळीच्या) झाकणाजवळ दोन झडपा दाबून धरायची सोय असते. ती वापरा आणि पायी चालण्याच्या वेगानेच ढकला. पिकअपमागे बांधून रस्त्याने ओढत आणलेला हायड्रो विकत घेऊ नका.

इथेच एक फुकटची तपासणी होते. झडपा न दाबता, इंजिन बंद ठेवून, सपाट जागेवर ट्रॅक्टर ढकलून पाहा. तो हट्टाने अडून बसला तर चांगलं लक्षण आहे, फेरा बंद आहे. हातगाडीसारखा पळाला तर झडपा उघड्याच अडकल्या असतील, किंवा दाबायची दांडी वाकून त्यांच्यावर टेकलेली असेल. दांडी सरळ केल्यावर चालायला लागलेला ‘मेलेला’ ट्रॅक्टर मी पाहिला आहे.

३. धुणं

कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. बोगद्याचं झाकण काढा. आत उंदराचं घर, वाळकं गवत, ग्रीसचा थर सापडेल. पंपाच्या दांड्यावर थंड करणारा पंखा असतो. त्याची पाती तुटली असतील तर पंप तापणारच. आधी खरवडा, मग डीग्रीझर, मग पाणी. प्रेशर वॉशरचा झोत सील किंवा डिपस्टिकवर मारू नका, नाहीतर जे पाणी काढायला बसलो तेच आत जातं.

४. पंप फिरतो तरी का?

इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, मधला दांडा हाताने हलवा. दोन्ही टोकांना जोड असतात, त्यांत पिना असतात आणि काही मॉडेलांत लवचीक चकत्या. पिन तुटली असेल तर इंजिन छान चालतं, पंखा जागचा हलत नाही आणि दोष हायड्रोच्या माथी जातो. भोकं लांबट झाली असतील तर खडखडाट येतो. ही भोकं तशीच ठेवून नवी पिन मारली तर ती फार दिवस टिकत नाही.

५. तेल काढा आणि ते वाचा

खरं निदान या पायरीत होतं, इथे घाई नको.

सगळी पुस्तकं तेल गरम असताना काढा म्हणतात. चालत्या गाडीला ते ठीक आहे. पडून राहिलेल्या ट्रॅक्टरचं पहिलं तेल मात्र मी थंडच काढतो, रात्रभर उभा ठेवून, ढवळू न देता. खालचा प्लग सावकाश सैल करा. केसमध्ये मोकळं पाणी असेल तर तेच आधी येतं, आणि किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

मग रंग पाहा. स्वच्छ मधासारखं तेल म्हणजे नशीब. दुधाळ, ताकासारखं तेल म्हणजे पाणी. इंटरनॅशनलचं हाय-ट्रान तेल पाणी स्वतःत धरून ठेवेल असंच बनवलेलं आहे, म्हणून ते दुधाळ होतं. पण त्यालाही मर्यादा आहे, त्यापुढचं पाणी तळाला बसतं. ओहायो, मिशिगनच्या थंडीत हे पाणी गोठतं आणि तेल ओढायची वाट बंद करतं. हिवाळ्यात अजिबात न हलणारा आणि एप्रिलमध्ये आपोआप ‘बरा झालेला’ ट्रॅक्टर हा असाच असतो. जळका वास आणि काळपट रंग म्हणजे तापलेलं तेल. पंखा किंवा गवताच्या थराकडे परत जा.

भांड्याच्या तळाशी बोट फिरवा. करडा चिकट लेप मागच्या गिअरांची नेहमीची झीज आहे, त्याला घाबरू नका. पितळी चमक दिसली तर मात्र ती नोंदवून ठेवा, कारण दट्ट्यांच्या टोकांना असलेले बूट पितळी मिश्रधातूचे असतात. चमकी थोडी असेल तर पुढे चला. चुरा हाताला लागत असेल तर बारावी पायरी वाचून मग खर्चाचा विचार करा.

प्लगातून सगळं निघत नाही. मागचं ओतीव झाकण काढाच. त्यामागे तळाला चिखल बसलेला असतो, कधी पीनट बटरइतका घट्ट. तो हाताने काढायचा, मग फडक्याने पुसायचा. डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन चालवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ऐकू नका. पंपातले भाग तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतात आणि रॉकेल तो पापुद्रा धुऊन टाकतं. धुवायचंच असेल तर तेलानेच धुवा.

जुनं तेल ऑटो पार्टच्या बऱ्याच दुकानांत घेतात, पण पाणी मिसळलेलं बहुधा नाकारतात. ते काउंटीच्या घातक कचरा संकलनात द्यावं लागतं. तारीख आधी बघून ठेवा, नाहीतर गॅरेजमध्ये बादल्या साठतात.

६. तेल आणि फिल्टर: इथे काटकसर नको

हायड्रोच्या कब कॅडेटमध्ये साधारण ७ क्वार्ट तेल मावतं. हायड्रो आणि मागचे गिअर एकाच तेलावर चालतात, त्यामुळे ‘गिअरसाठी वेगळं जाड तेल’ असा प्रकार नाही. मी पहिल्या फेरीला मध्यम किमतीचं ट्रॅक्टर हायड्रॉलिक तेल घालतो, थोडं चालवून गरम असताना काढतो आणि मग हाय-ट्रान भरतो. तेल दोनदा विकत घ्यावं लागतं, पण आतल्या कोनाकोपऱ्यांतलं पाणी निघतं.

पिवळ्या बादलीत ‘३०३’ नावाने मिळणारं स्वस्त तेल घेऊ नका. ३०३ हे मुळात जॉन डिअरचं जुनं मानक. त्यात स्पर्म व्हेलचं तेल असायचं. १९७० च्या दशकात ते बंद झालं आणि मानकही गेलं. नाव मात्र कुणीही बादलीवर छापू लागलं. मिसूरी राज्याने तर या नावाच्या तेलाच्या विक्रीवर बंदी आणली. दुसऱ्या कंपनीचे काही जुने हायड्रो इंजिन ऑईलवर किंवा ऑटोमॅटिक गाड्यांच्या तेलावर चालतात, म्हणून ‘शेजाऱ्याने त्याच्यात हेच घातलंय’ हा आधार चालत नाही.

फिल्टरचा सापळा याहून लबाड आहे. कारचा ऑईल फिल्टर याच आट्यांवर नीट बसतो. पण कारमध्ये पंप तेल फिल्टरमधून ढकलतो, इथे चार्ज पंप ते ओढतो. ओढायची ताकद ढकलण्यापेक्षा खूपच कमी असते. दाट कागदाचा फिल्टर लागला की पंप उपाशी राहतो, रडका आवाज काढतो आणि झिजत जातो. हायड्रोसाठीचाच फिल्टर घ्या. रबराला तेल लावा, हाताने आवळा. ओढण्याच्या बाजूला गळती उलटी असते: तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून जमीन कोरडी असली तरी फिल्टरची रिंग निर्दोष आहे असं समजू नका.

मागचं झाकण लावताना नवा गॅस्केट घाला. सिलिकॉनचा जाड थर देऊ नका. आतल्या बाजूला निघालेला त्याचा तुकडा फिल्टरच्या वाटेला जाऊन बसतो.

७. पंपात तेल भरून घ्या

मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, घोड्यांवर ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. जॅकवर कधीच नाही. सैल कपडे, ओढणी, लोंबती दोरी जवळ नको, बोगद्यात दांडा उघडा फिरतो.

स्पार्क प्लगची तार काढून ठेवा. लिव्हर न्यूट्रलला. स्टार्टर दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. जुन्या मॉडेलांत पट्ट्याचा स्टार्टर-जनरेटर असतो. तो लवकर तापतो, त्याला मध्ये विश्रांती द्या. मग तार लावून इंजिन अगदी हळू गतीवर चालू करा आणि लिव्हर किंचित पुढे, किंचित मागे असा हलवत राहा. सुरुवातीला घोगरा आवाज येईल, चाकं अडखळत फिरतील, हळूहळू आवाज शांत होईल. मिनिटभरात फरक पडला नाही तर इंजिन बंद करा. कोरडा पंप रेटून चालवल्याने तेल येत नाही, पंप जातो. पातळी पुन्हा तपासा. फिल्टर आणि पंप भरल्यावर ती उतरते.

हवेत एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरलं तर दचकू नका, ते डिफरन्शिअलमुळे आहे.

८. लक्षणं

दोन्ही दिशांना हलतच नाही, आणि पंखा फिरतोय: तेल पोचत नाही. पातळी, फिल्टर, तळाचा चिखल, मग चार्ज प्रेशर. फक्त एकाच दिशेला जातो: पुढची पायरी. लिव्हर हलवूनही काही वेळ काहीच होत नाही, मग झटका: दहावी पायरी. थंड असताना उत्तम, अर्ध्या तासाने चढावर दम तोडतो: आतली झीज. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या फटींतून निसटतं. हे शेवटचं लक्षण एकटंच खरोखर वाईट आहे.

९. दोन झडपा

पंपाच्या माथ्यावर दोन षटकोनी टोप्या दिसतात. त्यांच्याखाली त्या दोन झडपा. एक पुढच्या दिशेसाठी, एक मागच्या. गाडी एकाच दिशेला जात असेल तर एकीत कचरा अडकला आहे किंवा ती वार्निशसारख्या थराने चिकटली आहे.

खोलण्याआधी भोवतालचा भाग ब्रेक क्लीनरने इतका स्वच्छ करा की तिथे भाकरी ठेवता येईल. वाळूचा एक कणही इथून थेट दट्ट्यांकडे जातो. एका वेळी एकच झडप काढा, भागांचा क्रम फोटोत घ्या, धुवा, ओ-रिंग नव्या घाला.

निदान पक्कं करायचं असेल तर भागांच्या पुस्तिकेत दोन्ही झडपांचा क्रमांक एकच आहे का बघा. असेल तर त्यांची अदलाबदल करा. आधी मागे न जाणारा ट्रॅक्टर आता पुढे जाईना झाला, तर दोष झडपेत आहे, नवी आणा. दोष त्याच दिशेला राहिला तर झडप निर्दोष आहे, बैठकीत किंवा आणखी आत बघावं लागेल.

चार्ज प्रेशर मोजायचं झालं तर गेज मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या छिद्रालाच लावा. मुख्य फेऱ्यात दाब कितीतरी पट जास्त असतो. तिथे हा गेज फुटतो. आणि चालू यंत्राची गळती हाताने चाचपू नका. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि मग थेट ऑपरेशन थिएटर. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून बघा.

१०. ट्रनियन आणि न्यूट्रल

कलत्या चकतीचा जो कान पंपाबाहेर येतो तो ट्रनियन. त्याच्या खाचेत लिव्हरकडून येणारी पिन बसते. कब कॅडेटमध्ये ही खाच झिजून रुंद होते, ही त्याची सगळ्यात प्रसिद्ध खोड. मग लिव्हर मोकळा डुलतो, न्यूट्रल सापडत नाही, ट्रॅक्टर उभ्या-उभ्या सरकतो.

उपाय जुना आहे: खाच वेल्डिंगने भरायची आणि कानशीने पिनेच्या मापाची करायची. पंप जागेवर ठेवून वेल्डिंग मी करत नाही. सील जळतात आणि वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो. तोपर्यंत निभावायचं असेल तर वापरता येतो, पण उतारावर नको.

खाच ठीक असेल तर न्यूट्रल लावणं सोपं आहे. चाकं हवेत, इंजिन चालू, ब्रेक दाबून सोडायचा. चाकं फिरत राहिली तर इंजिन बंद करून कॅमच्या पट्टीचे (लिव्हरची हालचाल ट्रनियनपर्यंत नेणाऱ्या पट्टीचे) बोल्ट सैल करा, किंचित सरकवा, आवळा, पुन्हा पाहा. लिव्हर पुढे ठेवला तरी स्वतःहून मागे येत असेल तर त्याच्या घर्षणाच्या वॉशरना कोणीतरी प्रेमाने ग्रीस लावलेलं असतं. ते पुसून टाका.

११. गळत्या

इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचा सील, ट्रनियनचे सील, मागचे ॲक्सलचे सील. जुना सील काढल्यावर त्यावरचा क्रमांक किंवा मापं घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. दांड्यावर सीलची चरी पडली असेल तर नवा सील किंचित पुढे किंवा मागे बसवा, म्हणजे त्याची धार चरीवर येत नाही.

१२. पंप खोलायचाच असेल तर

आधी त्याच मॉडेलचा चालता सुटा हायड्रो किंवा अख्खा मागचा भाग कितीला मिळतो ते बघा. बहुतेकदा तो दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो, कारण झिजलेला सिलिंडर ब्लॉक (दट्टे ज्याच्या भोकांत बसतात तो) आणि त्याची व्हॉल्व्ह प्लेट (तेलाला वाट देणारी खाचांची चकती) एकमेकांना घासून बसलेली जोडी असते, एक बदलून भागत नाही.

तरी खोललाच, तर पंपाची आणि मोटरची व्हॉल्व्ह प्लेट वेगळी असते हे विसरू नका. दिसायला सारख्या, खाचा वेगळ्या. काढतानाच खुणा करा. प्लेटवर नख फिरवा. नख अडकेल इतक्या रेघा असतील तर ती सपाट घासून देणाऱ्या यंत्रशाळेकडे न्यावी लागेल. दट्टे ज्या भोकातून निघाले त्याच भोकात जायला हवेत, म्हणून अंड्यांच्या खोक्यात क्रमाने ठेवा. जोडताना प्रत्येक भागाला तेच हाय-ट्रान लावा, ग्रीस नाही.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून उघडा आणि कागद उन्हात धरून बघा. पितळी चमक वाढलेली दिसली तर त्या मोसमात गवत कापा, पण जड ट्रेलर आणि हिवाळ्यातला बर्फाचा नांगर त्याला लावू नका.